नावेची बाजू

गेल्या वर्षीची गोष्ट. एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. विषय होता 'आजचा तरुण आणि राष्ट्रीय शिस्त'. भाषणाच्या अखेरीस मी आवाज चढवून म्हणाले, "साठ लाख बेकारांना सहा वर्षांत कामाला लावणारा एक हिटलर आज आपल्या देशाला हवा आहे!" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले.

खरे सांगायचे तर ते वाक्य माझे नव्हते. बसमध्ये, चहाच्या टेबलाशी, लग्नाच्या पंगतीत, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते मी इतक्यांदा ऐकले होते, की ते कधी खोटे असेल अशी शंकाही मला आली नाही. रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र स्पर्धा परीक्षांच्या गाईडांशेजारी मांडलेले असते. त्यामुळे तोही यशस्वी होण्याचाच एखादा मार्ग असावा, असे आपल्याला वाटू लागते.

बक्षीस घेऊन खाली आले तेव्हा आमचे हिशेबशास्त्राचे सर भेटले. त्यांची मातृभाषा कन्नड. पण आमच्याशी ते आपल्या खास मराठीत बोलतात. ते हसून म्हणाले, "भाषण चांगलं झालं. पण तू जमेचीच बाजू वाचलीस. नावेची कुठं गेली?" आणि जाता जाता कन्नडमध्ये पुटपुटले, "लेक्क पूर्ति माडबेकु." हिशेब पुरा केला पाहिजे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. दहावीच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध जेवढे होते तेवढेच मला ठाऊक होते. पण सरांचे बोलणे मनाला लागले आणि मी वाचू लागले. त्या वाचनातून जे हाती आले ते आज मांडते आहे. यात माझे संशोधन काही नाही; मत मात्र माझे आहे.

आधी जमेची बाजूच तपासू. जर्मनीत १९३३ च्या आरंभी सुमारे साठ लाख लोक बेकार होते आणि पुढे त्यांतील बहुतेक कामाला लागले, हे खरे. पण कोणत्या पैशाने? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. 'मेफो' नावाची दहा लाख मार्क भांडवलाची एक कागदी कंपनी उभी करण्यात आली आणि तिच्या नावावर हुंड्या काढण्यात आल्या. १९३८ पर्यंत या हुंड्यांची रक्कम सुमारे बारा अब्ज मार्कांवर गेली. हा पैसा रणगाडे, तोफा आणि विमाने यांत गेला. १९३५ पासून सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा तरुण बेकारांच्या यादीतून आपोआप गळाले. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढून त्यांच्या जागा इतरांना दिल्या गेल्या. आपल्या बाजारपेठेत असा धंदा कोणी केला, तर त्याला आपण राष्ट्रपुरुष म्हणणार नाही, दिवाळखोर म्हणू. दिवाळे निघण्यापूर्वी दुसऱ्याची दुकाने लुटायला निघालेला दिवाळखोर!

आता नावेची बाजू. तिथेही आकडा तोच आहे. साठ लाख. एवढे ज्यू स्त्री, पुरुष आणि मुले मारली गेली. शिवाय जिप्सी म्हणजे रोमा लोक, पोलंडचे नागरिक, रशियन युद्धकैदी, अपंग आणि मनोरुग्ण. मी साठ लाख बेकार म्हणाले तेव्हा दुसरे साठ लाख माझ्या मनातही आले नव्हते. ज्यू म्हणजे कुठले तरी परके, दूरचे लोक, अशीच माझी समजूत. कोकणात घाणा चालवणारे आणि शनिवारी बैल न जुंपणारे 'शनवार तेली', घरात मराठी बोलणारे, हेही ज्यूच, हे मला वाचल्यावर कळले.

पण मला आज मुख्यतः सांगायचे आहे ते शेवटाविषयी. आपण सिनेमात शेवट कसा पाहतो? फाटक उघडते, सैनिक आत येतात, कैदी हात हलवतात, संगीत वाजते. छळछावण्यांची मुक्तता म्हणजे हेच, असे मलाही वाटत होते. वाचू लागल्यावर कळले की हे चित्र फार अपुरे आहे.

पहिली गोष्ट ही, की सर्वांत भयंकर अशा काही छावण्यांची मुक्तता कधी झालीच नाही. ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक ही पोलंडमधील ठिकाणे केवळ माणसे मारण्यासाठी उभारली होती. एकट्या ट्रेब्लिंकात आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. ही तिन्ही ठिकाणे मारणाऱ्यांनीच १९४३ साली बंद केली. प्रेते उकरून जाळली, इमारती पाडल्या, जमीन सपाट करून झाडे लावली. ट्रेब्लिंकात तर शेतघर बांधून तिथे एक शेतकरी बसवला. दोस्तांचे सैन्य तिथे पोचले तेव्हा सोडवायला कोणी उरले नव्हते. हे छावणी बंद करणे नव्हते. वही जाळणे होते.

जिथे जाळायला वेळ मिळाला नाही, तिथे वही सापडली. जुलै १९४४ मध्ये रशियन फौजा लुब्लिनजवळच्या मायदानेक छावणीत शिरल्या, तेव्हा गॅसच्या खोल्या जवळजवळ जशाच्या तशा उभ्या होत्या. २७ जानेवारी १९४५ रोजी त्या आउश्विट्झला पोचल्या. तिथे सुमारे सात हजार कैदी जिवंत सापडले, बहुतेक आजारी. पन्नास हजारांहून अधिक कैद्यांना दहा दिवस आधीपासूनच बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकलण्यात आले होते, आणि वाटेत जो थकून बसला त्याला गोळी घालण्यात आली होती. लुटलेल्या मालाची गोदामे पेटवून पहारेकरी निघून गेले होते. तरी जी सहा गोदामे उरली, त्यांत तीन लाखांहून अधिक पुरुषी पोशाख, आठ लाखांहून अधिक बायकांचे कपडे आणि पोत्यांत बांधलेले सुमारे सात टन केस मिळाले.

केस! ते विकायचे होते. त्यांना भाव होता, गिऱ्हाईक होते. शेजारीच आय. जी. फारबेन या कंपनीचा कारखाना उभा राहत होता. कैद्यांच्या कामाबद्दल कंपनी छावणीच्या मालकांना, म्हणजे एस. एस. या संघटनेला, दिवसाला कुशल कामगारास चार मार्क आणि अकुशल कामगारास तीन मार्क देत असे. कैद्याला काहीच नाही. हे सगळे कोणीतरी लिहिले असणार. बिले केली असणार, पावत्या फाडल्या असणार, महिनाअखेरीस बेरीज जुळवली असणार. एक वेडा माणूस ओरडला आणि साठ लाख मेले, असे झाले नाही. त्यासाठी आपल्यासारखी शिकलेली, नीटनेटक्या अक्षराची हजारो माणसे लागली.

दुसरी गोष्ट. फाटक उघडल्यावरही मरण थांबले नाही. १५ एप्रिल १९४५ रोजी इंग्रज सैन्य बेर्गेन-बेल्झेन छावणीत आले. तिथे साठ हजारांच्या आसपास माणसे होती. हजारो प्रेते उघड्यावर पडली होती आणि टायफसची साथ पसरली होती. ॲन फ्रँक ही मुलगी याच छावणीत काही आठवड्यांपूर्वी वारली होती. सैनिकांना दया आली. त्यांनी आपल्या शिध्यातले डबे फोडून कैद्यांना खाऊ घातले. महिनोन्महिने उपाशी असलेल्या आतड्यांना ते जड अन्न सोसले नाही आणि कित्येकजण खाऊनच मेले. सुटका झाल्यानंतर त्या एका छावणीत तेरा हजारांहून अधिक माणसे मरण पावली.

इथे आपल्या देशाचा एक धागा येतो. उपाशी माणसाला काय द्यावे हे ठाऊक नसल्याने इंग्रज डॉक्टरांनी जे मिश्रण देऊन पाहिले, त्याचे नाव होते 'बंगाल फॅमिन मिक्श्चर'. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या दुष्काळातल्या लोकांसाठी तयार झालेले हे मिश्रण बेल्झेनला नेण्यात आले. ते इतके गोड होते की तिथल्या अनेकांना ते घेववेना. बंगालच्या भुकेतून शिकलेला धडा जर्मनीत जाऊन पोचला, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

आणखी एक तपशील विद्यार्थिमित्रांसाठी. बेल्झेनला डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शंभराच्या आसपास विद्यार्थी स्वेच्छेने तिथे गेले. म्हणजे आपल्याच वयाची मुले. एकेकाकडे शेकडो रोग्यांनी भरलेली बराक सोपवली गेली. वक्तृत्व स्पर्धेत तारुण्याचे उदाहरण द्यायचेच होते, तर हे देता आले असते.

बेल्झेनच्या रोगट बराकी एकेक करून जाळण्यात आल्या. २१ मे १९४५ रोजी शेवटची बराक जळाली. छावणी बंद झाली का? त्या अर्थाने झाली. पण माणसे जाणार कुठे? शेजारच्या लष्करी इमारतींत निर्वासितांची छावणी सुरू झाली आणि ती १९५० पर्यंत चालली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीत मिळून अशा छावण्यांतून सुमारे अडीच लाख ज्यू राहत होते. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी अर्ल हॅरिसन यांना पाहणीसाठी पाठवले. सुटका होऊन काही महिने लोटले तरी अनेकजण अजून काटेरी तारेच्या आत, पहाऱ्याखाली, तेच पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून बसलेले त्यांना आढळले. जे पोलंडमध्ये आपल्या गावी परतले त्यांच्या घरांत दुसरेच राहत होते. केल्त्से या गावात ४ जुलै १९४६ रोजी जमावाने बेचाळीस ज्यूंना ठार केले. युद्ध संपून वर्ष उलटल्यावर! मग लोक पुन्हा पळाले, आणि तेही जर्मनीतल्या छावण्यांकडेच. म्युनिकजवळची शेवटची छावणी १९५७ साली बंद झाली. मुक्ततेनंतर बारा वर्षांनी.

सुटल्यावर जायला गाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या भागाने थोडे जवळून पाहिले आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. त्यांची कहाणी वेगळी. त्यांना स्टालिनच्या राजवटीने घरांतून उठवून सैबेरियाकडे नेले होते. पण युद्ध संपले तेव्हा त्यांनाही परतायला आपला असा देश उरला नव्हता. ते गेले आणि त्या जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आपण कापडखरेदीला जातो ते गांधीनगर हेच.

छावण्यांच्या इमारतींचेही तसेच. बूखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेन या छावण्या रशियनांनी १९५० पर्यंत आपल्या कैद्यांसाठी वापरल्या आणि तिथे पुन्हा हजारो माणसे मेली. १९३३ साली सुरू झालेल्या डाखाउमध्ये युद्धानंतर आधी आरोपी ठेवले, मग जर्मन निर्वासित वसवले. वाचलेल्या कैद्यांनी पाठपुरावा केला म्हणून १९६५ मध्ये तिथे स्मारक झाले. आणि काहींची नोंद तर वहीत घेतलीच गेली नाही. रोमा लोकांचा वंशसंहार झाला हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने १९८२ साली मान्य केले. समलिंगी म्हणून छावणीत डांबलेल्यांना सुटल्यावरही गुन्हेगारच मानले गेले. नाझींनी कडक केलेले ते कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत तसेच होते.

म्हणून मला वाटते, या घटनेला 'मुक्ती' हा शब्द आपण जपून वापरावा. आपल्या मराठीत मुक्ती म्हटले की सगळे फेडून झाले, आता परतणे नाही, असा भाव येतो. कन्नडमध्ये 'बिडुगडे' म्हणतात. तो साधा शब्द आहे. तुरुंगातून सुटणाऱ्याचीही बिडुगडे होते आणि चित्रपटाचीही होते. मराठीत त्याला 'सुटका' जवळचा. १९४५ साली झाली ती सुटका. हिशेब तेव्हा कुठे सुरू झाला.

तो हिशेब कसा चालला, याचे एकच उदाहरण देते. कारण त्याने माझी झोप उडवली. ऑस्कर ग्रोनिंग नावाचा एक तरुण. बँकेत उमेदवारी केलेला. १९४२ साली, एकविसाव्या वर्षी, त्याची आउश्विट्झला नेमणूक झाली. काम काय, तर येणाऱ्यांच्या सामानातून निघालेले पैसे मोजायचे, देशोदेशीच्या नोटा वेगळ्या करायच्या, नोंद करायची आणि बर्लिनला पाठवायच्या. युद्धानंतर तो एका काचकारखान्यात पगारपत्रके करू लागला. पुढे म्हातारपणी, छावण्या नव्हत्याच असे म्हणणारे लोक पाहून त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले की मी तिथे होतो, मी पाहिले आहे. २०१५ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तीन लाख माणसांच्या खुनात साहाय्य केल्याबद्दल त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा भोगण्यापूर्वीच २०१८ मध्ये तो वारला. त्याने गोळी झाडली असे न्यायालयाने म्हटले नाही. त्याने वही लिहिली, आणि वही लिहिल्यावाचून ते यंत्र चालत नव्हते, असे म्हटले. २०२२ मध्ये श्टुटहोफ छावणीच्या कार्यालयात टंकलेखन करणाऱ्या एका बाईंनाही अशीच शिक्षा झाली. त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या; पण खटला बालन्यायालयात चालला, कारण गुन्ह्याच्या वेळी त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. म्हणजे माझ्याहून लहान.

माझे बाबा एका भुसार दुकानात दिवाणजी आहेत. किर्द-खतावणी मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. ग्रोनिंगची हकीकत मी त्यांना जेवताना सांगितली आणि विचारले, "बाबा, नुसता पैसे मोजणारा माणूस. त्याचा एवढा दोष धरावा का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतंय गं. मालकापेक्षा जास्त."

यावर मला काही बोलता आले नाही. उद्या आपण बँकांत, कचेऱ्यांत, कंपन्यांत बसणार. आपल्यापुढे कागद येतील, रकाने येतील. त्या रकान्यांत काय भरले जाते आहे हे आपल्याला ठाऊक असेल, आणि मी फक्त आकडे लिहिले असे म्हणायची सोय आपल्याला नसेल. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात हा धडा नाही; पण असायला हवा.

काही मैत्रिणी म्हणतात, "ऐंशी वर्षे झाली. परक्या देशाची गोष्ट. आपली दुःखे काय कमी आहेत?" कमी नाहीत. फाळणी आहे, बंगालचा दुष्काळ आहे. पण ज्याचा स्वतःचा हिशेब अजून कोणी धड मांडला नाही, त्याने दुसऱ्याचा हिशेब टाळ्यांत उडवू नये, एवढे तरी आपल्याला कळायला हवे. दुसरे असे म्हणतात, "हिटलर हवा म्हणजे खराच हिटलर नव्हे गं, नुसती शिस्त." मग शिस्तच म्हणावे! शिस्तीसाठी बेल्झेनला गेलेल्या त्या शंभर विद्यार्थ्यांचे नाव घ्यावे. गाड्या वेळेवर सुटणे ही शिस्त असेल, तर आउश्विट्झच्या गाड्याही वेळापत्रकानेच सुटत होत्या. गाडी कुठे चालली आहे हे विचारणे, हीही शिस्तच आहे.

ते बक्षीस अजून आमच्या कपाटावर आहे. ते परत करावे असे एकदा मनात आले होते. पण त्याने काय होणार? टाळ्या तर परत घेता येत नाहीत. शिवाय सरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले आहे की वहीत चूक झाली तर ती खोडायची नसते, पान फाडायचे नसते. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्याखाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची असते. ज्यांनी टाळ्या दिल्या, त्यांतले बरेचजण हा अंक वाचतील. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी, ही दुरुस्तीची नोंद.

— बी. कॉम. भाग २ ची एक विद्यार्थिनी